साहेबांना द्यायचं उत्तर

मु. पिंपळदरा, ता. नरखेड
मंगळवार, दुपार

प्रिय श्वेता,

हे पत्र तुला बाबांच्या हातून मिळेल. शेजारच्या कामिनीचा डबा घेऊन ते चारच्या बसने नागपूरला निघतात. आधी दवाखान्यात जातील, मग तुझ्या खोलीवर येतील. त्यांना पाणी दे, दोन घास खाऊ घाल, आणि पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन लावू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘आई, माझं ऐक ना’ म्हणतेस अन् मी ऐकते. दोन वर्षं मी तुझं ऐकतच आले. आज तू माझं ऐक.

उद्या अकरा वाजता परदेशी मदत संस्थेचे चार लोक आपल्या शेडमध्ये येणार आहेत. शेड त्यांच्या पैशाने उभी राहिली, तेव्हा ते पाहायला येणारच. आमच्या बायकांच्या संत्रा कंपनीची मी अध्यक्ष, म्हणून ते मलाच विचारणार, यंत्र कसं चाललं आहे, तुमचं काय भलं झालं. परवा प्रकल्पाच्या ऑफिसातल्या उन्मेष साहेबांनी मला उत्तर टाइप करून आणून दिलं. ‘यंत्र सुरळीत सुरू आहे. चौऱ्याऐंशी महिलांचं प्रशिक्षण झालं आहे. पहिला माल परदेशी गेला आहे.’ तीनच वाक्यं. ‘काकू, एवढंच बोला, बाकी आम्ही पाहून घेऊ,’ म्हणाले. नागपूरच्या महाल भागातला माणूस, बोलणं कसं गोड, ‘काकू’ म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी कागद घेतला, घरी येऊन तीनदा वाचला. तिन्ही वाक्यं खोटी आहेत, बाई. ती मी उद्या बोलले तर मदतीचा दुसरा टप्पा मंजूर होतो, वीस गावांचं शीतगृह नरखेडला होतं. नाही बोलले तर काय होतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तू त्याच ऑफिसात बसतेस.

खापरखेड्याच्या वीज कॉलनीत आयुष्य गेल्याने माझी लिहायची भाषा शाळेसारखी झाली आहे. पण मधेच आपली बोली आली तर समज, की मले राग येऊन राहिला.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी त्या मदतीच्या विरोधात नाही. आपला संत्रा बांगलादेशात जायचा तेव्हाचे दिवस आठवतात ना तुला? व्यापारी झाडावरचा माल पाहून बागेतच सौदा करायचा, ट्रक बांधापर्यंत यायचे, तोडाईला बायका कमी पडायच्या. मग तिकडच्या सरकारने आयातीवरचा कर वाढवला. पुन्हा वाढवला. त्यांचंही काही कारण असेल, त्यांना त्यांचं घर सांभाळायचं. पण तिथे कोणीतरी एका कागदावर आकडा बदलला अन् इथे आपल्या तीनशे झाडांखाली संत्रा सडला. व्यापारी रस्ता बदलून जायला लागले. बाबा सकाळी बागेत जायचे अन् नुसतेच बसून यायचे. त्या वर्षी तू घरी आलीस आणि म्हणालीस, ‘आई, एकाच गिऱ्हाइकावर राहिलो म्हणून हे झालं. माल निवडून, धुऊन, वरून मेणाचा हात देऊन डब्यात भरला तर दहा देश घेतील.’ मला पटलं. आजही पटतं. तू चुकीचं काहीच सांगितलं नव्हतंस. बायकांना गोळा करायला मी दारोदार फिरले ते उगाच नाही.

पण मग यंत्र आलं. मदत त्यांची, म्हणून यंत्रही त्यांच्याच देशातल्या कारखान्याचं घ्यायचं, अशी अट होती म्हणे. त्यांच्याकडचा संत्रा घट्ट सालीचा, आपल्या मोसंबीसारखा. आपला संत्रा सैल सालीचा, हाताने सोलून खायचा. त्या यंत्रात ब्रशांचे रूळ आहेत, फळ त्यावरून घासत पुढे जातं. पहिल्याच दिवशी आपल्या संत्र्याची साल फाटून बाजूला झाली. मी उन्मेष साहेबांना म्हटलं, ‘साहेब, हे आपल्या संत्र्याचं यंत्र नव्हे गा.’ तर ते म्हणाले, ‘काकू, यंत्र बदलायचं म्हटलं तर सगळी मदतच परत जाते.’ आणि उद्घाटन मात्र पाहिलंस ना? मांडव काय, शाली काय, नागपूरहून आलेलं जेवण काय. आयजीच्या जिवावर बायजी उदार! मलाही शाल मिळाली. मीही हसून फोटो काढला. ते मी विसरले नाही.

आणि विजेचं काय सांगू? तुझे बाबा तीस वर्षं खापरखेड्याला वीज बनवत होते. राखेने तुझे शाळेचे कपडे दोरीवरच काळे व्हायचे, मी दोन दोनदा धुवायची. त्याच विजेच्या मोठ्या तारा आपल्या बागेवरून जातात आणि आपल्या शेडला थ्री-फेजची लाइन नाही. वीजवाले म्हणतात रोहित्राचा खर्च प्रकल्पाने द्यावा. प्रकल्पवाले म्हणतात ते राज्याचं काम, आमच्या नियमात बसत नाही. चौदा महिने झाले, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसेल, पण लाइन काही आली नाही. आधी यंत्र अन् मग वीज, हे वरातीमागून घोडं. डिसेंबरात तू एक कागद आणलास, ‘यंत्र चालू स्थितीत मिळालं’ म्हणून. मी विचारलं, ‘वीज कुठे आहे वं?’ तू म्हणालीस, ‘महिन्याभरात येते, वर्ष संपायच्या आत कागद गेला पाहिजे, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो.’ मी सही केली. ती खोटी सही माझी, तुझी नाही. माझ्या वाट्याचं मी तुझ्यावर ढकलत नाही.

आता नऊ दिवसांपूर्वीच्या रविवारचं लिहिते. तू नव्हतीस, तुला फक्त ‘कामिनीच्या हाताला लागलं’ एवढंच कळलं. काय झालं ते पूर्ण वाच.

साहेब लोकांसमोर यंत्र चाललं पाहिजे म्हणून उन्मेष साहेबांनी तालीम ठेवली होती. जनरेटर भाड्याने आणला. आपला संत्रा फाटतो, म्हणून काय आणलं ठाऊक आहे? मोसंबी! वरून रंगाला म्हणून दोन कॅरेट संत्रा टाकला. ‘त्यांना काय कळते काकू, गोलच आहे ना सगळं,’ असं म्हणाले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीपण हसले. यंत्र सुरू झालं तशी मोसंबी पुढे गेली अन् संत्रा ब्रशांत फाटून अडकायला लागला. मग कामिनीला ब्रशापाशी उभी केली, फाटलेला संत्रा हाताने काढून टाक म्हणून. कामिनी कशी आहे तुला माहीत आहे, सांगितलं ते काम करणारी. आपल्या शेजारात लग्न होऊन आली तेव्हापासून तुझ्या मागे ‘श्वेताताई, श्वेताताई’ करत फिरायची. तिच्या हातात बांगड्या होत्या. आधी बांगडी अडकली, मग हात आत ओढला गेला. जनरेटरच्या आवाजात तिचं ओरडणंसुद्धा उशिरा ऐकू आलं. यंत्र बंद करायचं बटण कुठे आहे, आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. साहेबही शोधत होते. शेवटी मी बाहेर धावत जाऊन जनरेटरची वायरच उपटली. तोवर दोन बोटं गेली होती. तिसऱ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये रक्त धुवायला गेले तेव्हा ते लाल बटण सापडलं. उद्घाटनाचा फ्लेक्स बरोबर त्याच्यावर ठोकला होता, सगळ्यांच्या नावांचा अन् चिन्हांचा.

त्यानंतरच्या गुरुवारी मी दवाखान्यात बसले होते. कामिनीच्या नवऱ्याने, रोशनने, उन्मेष साहेबांना विचारलं, ‘साहेब, मशीनचा विमा हाये म्हणे, हिच्या हाताचं काही होईल का?’ साहेब म्हणाले, विमा आहे, पण शिकलेल्या कामगाराचाच हलगर्जीपणा असला तर विमावाले देत नाहीत. कामिनी खाटेवरून म्हणाली, ‘मी कुठी शिकली साहेब? मले तर त्या दिवशी पहिल्यांदा उभं केलं.’ तेव्हा त्यांनी फाइल उघडून दाखवली. ‘यंत्रसुरक्षा व निर्यात प्रतवारी, तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण.’ खाली चौऱ्याऐंशी सह्या. कामिनीची एकोणचाळिसावी. पहिली माझी.

मला आधी काही उमगेना. निवासी प्रशिक्षण? तीन दिवस आम्ही बायका कुठे राहिलो बापा? मग सह्यांचा क्रम पाहिला. माझी, मग थोरल्या जाऊबाईची, मग सरपंचाच्या सुनेची, तशाच ओळीने ज्या ओळीने बायका सतरंजीवर बसल्या होत्या. संक्रांतीनंतर तू आली होतीस. ‘आई, या वर्षी हळदीकुंकू आपल्याकडे मोठं करू, वाण मी आणते,’ म्हणालीस. झाकणाचे स्टीलचे डबे आणलेस. मी किती मिरवलं त्या दिवशी! माझी पोट्टी कमावते, गावच्या बायकांना वाण देते. तू रजिस्टर फिरवलंस, ‘डबा मिळाला म्हणून सही करा’ म्हणालीस. वाणाची सही घेतात का कुठे? दोघी-तिघी हसल्यासुद्धा. आणि मीच ओरडले, ‘करा वं बायांनो, ऑफिसातली पोट्टी आहे, तिले कागद द्यावा लागते.’ तेव्हा पानाची वरची ओळ कोरी होती. आता ती भरली आहे. सगळ्यात खाली ‘समन्वयक’ असं छापलंय अन् त्यावर तुझी सही आहे. ती मी झोपेतही ओळखीन.

कामिनीने कागद पाहिला. ती सातवी शिकली आहे, तुझं नाव तिने वाचलं. तिने माझ्याकडे पाहिलं अन् भिंतीकडे तोंड केलं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, श्वेता. आजही डबा पाठवते तो ती मुकाट्याने खाते. मला ते सोसत नाही.

काहून केलं वं असं? काहून? मले एकदा तरी सांगायचं होतं! हळदीकुंकवाले बायका देवाचं कुंकू लावून घ्यायला येतात, त्यांच्या सह्या तू चोरून नेल्या. माझ्याच घरातून, माझ्याच तोंडानं मागून नेल्या. चार दिवस मी तुले फोनवर ‘जेवली का, झोपली का’ विचारून राहिली अन् आतून जळून राहिली. लाज वाटून राहिली मले तुझी. घे, लिहिलं.

आता थोडी शांत झाले. पाणी पिऊन आले.

तू असं का केलंस ते मला कळत नाही असं नाही. प्रशिक्षणाचा माणूस वेळेवर आला नसेल, मार्च तोंडावर होता, वरून विचारणा होत असेल. आकडा नाही दिला तर टप्पा बंद, टप्पा बंद तर शीतगृह नाही, आणि तुझी नोकरीही वर्षावर्षाच्या करारावरची. तुला वाटलं असेल, आत्ता कागद भरू, प्रशिक्षण नंतर घेऊच. तू घेतलंही असतंस. तू वाईट नाहीस, मी तुझी आई आहे, मला माहीत आहे. तू सातवीत असताना शाळेची तपासणी होती. दुसऱ्या शाळेतून प्रयोगशाळेचं सामान उसनं आणून मांडलं होतं. त्या अधिकाऱ्याने तुझ्या वर्गाला विचारलं, रोज वापरता ना हे? आणि तू उभी राहून म्हणालीस, ‘सर, हे तर कालच आलं.’ हेडमास्तरांनी बाबांना बोलावून घेतलं, तुला वर्गाबाहेर उभी केली. बाबा चिडले, पण मी त्या दिवशी तुझ्यासाठी शिरा केला होता.

बाबांना मी उद्याचं सांगितलं आहे. ते म्हणतात, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. चारचौघांत पोरीचं नाव घेशील तर तिले पुन्हा कोण कामाले ठेवीन? अन् शीतगृह गेलं तर गाव आपल्या दारात येईन.’ खरं आहे त्यांचं. गाव येईल. सरपंचाने कालच मला रस्त्यात गाठून सांगितलं, ‘वहिनी, नीट बोलजा बरं उद्या.’ ज्या बायकांना मी दारोदार जाऊन गोळा केलं त्याच उद्या माझ्याकडे पाठ फिरवतील. मला भीती वाटते, बाई. पण मी विचार करते, उद्या मी ती तीन वाक्यं बोलले तर काय होईल? शीतगृह बांधतील. त्यालाही लाइन लागेल, ती नसेल. त्याचंही यंत्र कुठून तरी अटीवर येईल, ते आपल्या मालाला चालतं का हे कोणी विचारणार नाही, कारण पहिलं ‘सुरळीत’ चाललंच आहे ना! मग त्याच्याही उद्घाटनाचा फ्लेक्स लागेल. आणि वीस गावांतल्या कितीतरी बायका तिथे कामाला उभ्या राहतील, कागदावर शिकलेल्या. त्या दूरच्या लोकांनी पैसे पाठवले, त्यांना आपला संत्रा फाटतो हे कोणी सांगितलंच नाही तर त्यांनाही कसं कळावं? अशाने आपलं भलं व्हायचं कसं? आणि कामिनीचा हात तिच्याच चुकीने गेला, असं कायमचं लिहून राहील. ते मी होऊ देणार नाही. उद्या मी खरं बोलणार आहे. हे ठरलं.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. तुझी परवानगी मागायला नाही, आणि तू येऊ नकोस असं सांगायलाही नाही. काल उन्मेष साहेबांचा फोन आला. साहेब लोकांना मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, म्हणून माझं बोलणं इंग्रजीत करून सांगायला तुला उभी करणार आहेत. ‘घरचीच मुलगी आहे काकू, तुम्हाला मोकळं वाटेल,’ म्हणाले. म्हणजे मी काय बोलले ते त्यांना फक्त तुझ्या तोंडून कळणार. तू काय सांगितलंस ते मला कळणार नाही. मी ‘यंत्र बंद आहे’ म्हणेन आणि तू ‘सुरळीत आहे’ म्हणशील, तर ते मान डोलवतील आणि मीही त्यांच्यासमोर मान डोलवत उभी राहीन. रोशनचा पुतण्या कॉलेजात आहे, त्याला इंग्रजी येतं, त्याला बोलवता आलं असतं. मी बोलावलं नाही. एकदम ऐकून तू तिथे गांगरू नयेस म्हणून मी काय बोलणार ते जसंच्या तसं लिहून देते. दोन दोन वाक्यं बोलून थांबेन. ‘मी गोपिका रुपराव रेवतकर. यंत्र चालू नाही, लाइनच आलेली नाही. डिसेंबरात चालू आहे म्हणून मी सही केली, ती खोटी होती. माल कुठेही गेला नाही, हे यंत्र आमच्या संत्र्याची साल फाडतं. प्रशिक्षण झालं नाही, त्या सह्या हळदीकुंकवाच्या आहेत. कामिनीला कोणी काही शिकवलं नव्हतं, तिचा काही दोष नाही. पुढची मदत द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. द्याल तर आधी लाइन द्या, मग आमच्या संत्र्याला चालेल असं यंत्र, मग शिकवणं, आणि मग शीतगृह. आणि ती यादी जिने केली ती माझी मुलगी आहे. तीच आत्ता हे तुम्हाला सांगते आहे.’ एवढं बोलून मी थांबेन, आणि तुझं बोलून होईपर्यंत तुझ्याशेजारी उभी राहीन.

तुझीच,
आई